यंत्र चुकलं तर आम्हाला कसं कळणार? मतदान यंत्रं घडवणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

मतदान यंत्रांची रचना करणाऱ्या, ती तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व अभियंत्यांस,

सप्रेम नमस्कार.

मतदान यंत्राबद्दल कुणी शंका काढली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘यंत्र सुरक्षित आहे, फेरफार करता येत असेल तर करून दाखवा.’ हे उत्तर मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र. अमुक निवडणुकीत फेरफार झाला असं माझं म्हणणं नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. समजा यंत्र चुकलं, कुणी मुद्दाम चुकवलं किंवा आपसूक चुकलं, तर ते मतदाराला कशावरून कळेल? पराभूत उमेदवाराला कशावरून कळेल? आणि तुम्हाला तरी कशावरून कळेल?

बँकेने माझ्या खात्यातून चुकीची रक्कम वजा केली तर पासबुकात दिसतं, मी पावती घेऊन भांडू शकतो. मतदानात ही सोय नाही, कारण मत आणि मतदार यांची ताटातूट आपण जाणूनबुजून केलेली असते. ती केली नाही तर मत विकत घेणाऱ्याला आपले पैसे वसूल झाले का हे तपासता येतं आणि दमदाटी करणाऱ्याला कुणावर डूख धरायचा ते समजतं. म्हणून मत गुप्तच हवं. पण ते गुप्त झालं की ‘माझं मत भलत्याच्या नावावर गेलं’ हे सिद्ध करण्याचा मार्ग मतदाराच्या हाती उरत नाही. दोन हजार वर्षांहून जास्त काळ मतदानाची सगळी साधनं या पेचाभोवती घोटाळत आली आहेत.

रोममध्ये इ. स. पूर्व १३९ मध्ये कायदा झाला आणि तोंडी मताऐवजी मेण लावलेल्या पाटीवर नाव लिहून मत देणं सुरू झालं. मतदार एका अरुंद लाकडी फळीवजा पुलावरून चालत जाऊन पाटी टोपलीत टाकायचे. थोड्याच दिवसांत वजनदार मंडळींची माणसं त्या पुलावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाटीत डोकावू लागली. मग इ. स. पूर्व ११९ मध्ये गायस मॅरियस या रोमन नेत्याने पूल आणखी अरुंद करण्याचा कायदा आणला, म्हणजे मतदाराच्या शेजारी कुणाला उभंच राहता येऊ नये. निवडणुकीतल्या गैरप्रकारावर काढलेला हा अगदी जुना यांत्रिक उपाय. त्याची गंमत अशी की तो समजायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. फळी किती रुंद आहे हे कुणालाही दिसत होतं.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचं. परांतक चोळाच्या काळातला, दहाव्या शतकातला शिलालेख तिथल्या देवळाच्या भिंतीवर आहे. गावसभेच्या समित्यांवरची माणसं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांमधून कशी निवडायची याचे नियम त्यात कोरले आहेत. हे मतदान नव्हे, सोडत होती. तरी तिच्यातली सावधगिरी बघा. घडा सगळ्यांना दिसेल असा उंच धरायचा. आत काय लिहिलंय हे ठाऊक नसलेल्या लहान मुलाने चिठ्ठी काढायची. ती घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटं पसरून उघड्या तळहातावर घ्यायची, मोठ्याने वाचायची, आणि मग उपस्थित पुजाऱ्यांनीही तीच चिठ्ठी पुन्हा वाचायची. बोटं पसरायची कशाला, तर हातात आधीच लपवलेली दुसरी चिठ्ठी नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. मध्यस्थ प्रामाणिक आहे की लबाड, हा प्रश्नच त्या नियमाने निकालात काढला होता. तुमच्या यंत्राकडून माझी अपेक्षा हीच आहे.

आज आपण जिला मतपत्रिका म्हणतो, म्हणजे सरकारने छापलेली, सगळ्या उमेदवारांची नावं असलेली आणि आडोशाला जाऊन खूण करायची, ती १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत आली. ब्रिटनने १८७२ मध्ये ती स्वीकारली. त्याआधी तिथे मत उघड्यावर सांगितलं जाई आणि कुणी कुणाला मत दिलं याच्या छापील वह्या निघत. अमेरिकेत पक्ष आपापल्या रंगीत मतपत्रिका छापत, त्यामुळे माणूस पेटीपर्यंत पोहोचायच्या आत त्याचं मत लांबूनच ओळखू यायचं.

गुप्ततेची सोय झाली, पण पेटीचं काय? १८५६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत खोटा तळ असलेली मतपेटी सापडली. वरून रिकामी दिसणाऱ्या त्या पेटीच्या पोकळीत मतपत्रिका आधीच भरून ठेवता येत. दोनच वर्षांनी सॅम्युअल जॉली याने न्यूयॉर्कमध्ये काचेच्या मतपेटीचं पेटंट घेतलं. लाकडी चौकटीत बसवलेला काचेचा गोल, आत काय पडतंय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सुंदर कल्पना होती. पण काचेतून पेटीच तेवढी दिसते. पेटी उघडल्यानंतर मोजणारा काय लिहितो, हे काच सांगत नाही.

१९४८ मध्ये टेक्सासात हेच घडलं. अमेरिकी सिनेटसाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या लढतीत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन सुमारे दहा लाख मतांत अवघ्या ८७ मतांनी जिंकले. मतदान संपून काही दिवस उलटल्यावर ॲलिस या गावच्या तेरा क्रमांकाच्या पेटीत सुमारे दोनशे मतं ‘वाढली’ होती. वाढलेल्या मतदारांची नावं यादीत एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात आणि वर्णानुक्रमाने लिहिलेली. इतका ढोबळ प्रकार उघडकीस येऊनही निकाल तसाच राहिला. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: कागद होता म्हणूनच आज आपण त्या शाईबद्दल बोलू शकतो.

आता तुमच्या क्षेत्राकडे येतो. १८९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये जेकब मायर्सचं तरफांचं मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. माझ्या मते मतदानाच्या इतिहासातलं हे सगळ्यात शिकण्यासारखं यंत्र आहे. पुढे त्याच्या ज्या आवृत्त्या पसरल्या त्यांत मतदार मोठा दांडा ओढायचा की मागचा पडदा बंद व्हायचा. प्रत्येक उमेदवाराच्या नावाशेजारी एक छोटी तरफ. एका पदासाठी दोन तरफा ओढायला गेलात तर आतल्या अडसरामुळे दुसरी हलायचीच नाही, म्हणजे मत बाद होण्याचा प्रश्न मिटला. मतदाराने पडदा उघडला की यंत्राच्या पाठीमागचे गणक एकेकाने पुढे सरकायचे आणि तरफा जागच्या जागी परत यायच्या. पेटी नाही, कागद नाही, म्हणून कागदाची पळवापळव नाही, मोजणाऱ्याची हातचलाखी नाही. मतदान संपलं की आकडे वाचायचे. ज्या गैरप्रकारांनी त्या काळातले लोक हैराण झाले होते ते एका झटक्यात अशक्य झाल्यासारखे वाटले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत ही यंत्रं होती.

आणि तरीही त्यात एक भयंकर उणीव होती. मतदार पडद्याबाहेर आला की त्याच्या मताची कुठलीच खूण उरत नसे. उरायची फक्त बेरीज. गणकाचा एखादा दाता झिजला, चाक अडकलं, कुणी मतदानाआधी स्क्रू ढिला करून ठेवला, तर त्या उमेदवाराची मतं हवेत विरून जायची आणि ती किती होती हे पुढे कुणालाही सांगता यायचं नाही. फेरमोजणी मागितली तर तोच आकडा पुन्हा वाचून दाखवायचा. मायर्सने मोजणारा माणूस काढून टाकला आणि त्याबरोबर त्याच्यावर नजर ठेवण्याचं साधनही काढून टाकलं. नंतरच्या शंभर वर्षांत अनेक अभियंत्यांनी हाच सौदा वेगवेगळ्या रूपांत पुन्हा केला, म्हणून त्याच्यावर इतकं लिहिलं.

अमेरिकेत मतदाराने भोक पाडून मत नोंदवायच्या कार्डांची कथा तुम्हाला ठाऊक आहे, थोडक्यात आटोपतो. ही कार्डं १९६४ पासून वापरात आली. संगणकतज्ज्ञ रॉय सॉल्टमन यांनी १९८८ च्या सरकारी अहवालात त्यांच्यातले धोके लिहून ठेवले होते. २००० साली फ्लॉरिडात अध्यक्षपदाचा फैसला ५३७ मतांवर आला आणि अर्धवट सुटलेल्या कागदाच्या टिकल्या भिंगातून न्याहाळायची वेळ आली. यात कागद होता, मग अडचण कुठे झाली? त्या कार्डावर उमेदवारांची नावं नसत, नुसत्या क्रमांकांच्या जागा असत. आपण कुणाला मत दिलं हे मतदाराला स्वतःचं कार्ड बघूनही ताडून पाहता येत नसे. तेव्हा नुसता कागद पुरत नाही. मतदाराने तो वाचलेला असायला हवा.

त्या घोळानंतर अमेरिकेत अनेक ठिकाणी कागदाविना चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली गेली. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत यंत्राची साठवणक्षमता संपली, तरी यंत्र मतदारांना आत घेत राहिलं आणि चार हजारांहून जास्त मतं कायमची गेली. राज्याच्या कृषी आयुक्तपदाच्या लढतीतला फरक त्याहून कमी होता. यात कुणी लबाडी केलेली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मिळाली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, हे तुम्हाला सांगायला नको. संगणकाच्या स्मृतीतला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक, उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. चूक सापडली ती एवढ्याचसाठी की तितकी मतं त्या उमेदवाराला मिळणं त्या मतदान पद्धतीत शक्यच नव्हतं. तोच बिट चार घरं खाली असता आणि २५६ मतं वाढली असती, तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

नेदरलँड्समध्ये २००६ साली रॉप खोंगग्रेप या हॅकरने आणि त्यांच्या साथीदारांनी तिथलं प्रचलित मतदान यंत्र मिळवून उघडलं आणि त्यातली चिप बदलून त्याला बुद्धिबळ खेळायला लावलं. हे मतदानासाठीच बनवलेलं यंत्र आहे, दुसरं काही करूच शकत नाही, या दाव्याला ते उत्तर होतं. त्याहून मोठा धक्का पुढे होता. यंत्राच्या पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी काही मीटर अंतरावरून पकडता येत होत्या, आणि एका पक्षाच्या नावात स्वरचिन्ह असलेलं अक्षर असल्यामुळे ते नाव पडद्यावर आलं की लहरींचा नमुना बदलत होता. म्हणजे मतदाराने कुणाला मत दिलं हे खोलीबाहेरून ओळखण्याची शक्यता होती. यंत्र बनवणाऱ्यांनी याचा विचार केलाच नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही. अक्षरावरच्या एका चिन्हातून गुप्तता गळेल हे कुणाला सुचणार? पण म्हणूनच ‘आम्ही सगळा विचार केला आहे’ हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकवत नाही. २००८ मध्ये तो देश कागद आणि पेन्सिलीकडे परतला. आयर्लंडने तसलीच हजारो यंत्रं घेतली होती. सगळा खर्च पाच कोटी युरोंच्या वर गेला, आणि २०१२ मध्ये ती भंगारात निघाली.

३ मार्च २००९ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जे म्हटलं ते प्रत्येक अभियंत्याने मुळातून वाचावं. मतदानाचे आणि निकाल ठरवण्याचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसताना, खात्रीने तपासता आले पाहिजेत. ते येत नाहीत म्हणून तिथल्या २००५ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रं वापरणं घटनेला धरून नव्हतं. यंत्रांत फेरफार झाल्याचं न्यायालयाने म्हटलं नाही, निवडणूकही रद्द केली नाही. तपासणी अशक्य असणं हाच दोष ठरवला.

भारतातलं उदाहरण मला वेगळ्या कारणाने मोलाचं वाटतं. बूथ ताब्यात घेऊन मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारायचे आणि पेटी भरून टाकायची, हा तिथला जुना रोग. ईव्हीएममध्ये दोन मतांमध्ये ठरावीक अवधी जावाच लागतो, मिनिटाला चारच्या आसपास मतं पडतात, आणि केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ बटण दाबलं की पुढे एकही मत नोंदलं जात नाही. गुंडांना अर्ध्या तासात हजार मतं टाकता येऊ नयेत यासाठी केलेली ही रचना साधी आणि हुशार आहे. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, हेही चांगलं. यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ मध्ये, केरळातल्या परवूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. कायद्यात यंत्राची तरतूद नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवलं. तिथे फेरमतदान झालं आणि निकाल फिरला. मतदाराला सात सेकंद दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये प्रथम आली, आणि २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात.

पाच हा आकडा जरा तपासून पाहू. एका क्षेत्रात २५० केंद्रं आहेत आणि त्यांपैकी पाच यंत्रं बिघडलेली आहेत असं धरा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांत त्यांतलं एखादं तरी येण्याची शक्यता दहा टक्क्यांच्याही किंचित खालीच आहे. निम्मी यंत्रं बिघडलेली असतील तर ती जवळजवळ नक्की सापडतील. म्हणजे मोठा घोटाळा पकडायला पाच पुरतात, अटीतटीच्या लढतीतला छोटा पण निर्णायक घोटाळा पकडायला पुरत नाहीत. फरक पन्नास हजारांचा असो की पन्नासाचा, तपासणी सारखीच, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे, आणि तो तुमच्याच जगातून आला आहे. रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक कसोटी मांडली: सॉफ्टवेअरमधल्या न सापडलेल्या चुकीमुळे निकालात न सापडणारी चूक होता कामा नये. सॉफ्टवेअर निर्दोष असावं असा हट्ट त्यात नाही. ते सदोष असलं तरी निकालाची चूक दिसली पाहिजे, एवढंच. मग संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मतांच्या फरकानुसार नमुना ठरवायची पद्धत बसवली. प्रत्येक मताचा कागद वेगळा आणि यंत्राने तो कसा वाचला याची नोंद असेल, तर दहा टक्क्यांचा फरक पडताळायला, चुकीचा निकाल निसटण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवून, सुमारे ६० कागद तपासले तरी भागतं. फरक एक टक्का असेल तर सुमारे ६०० लागतात. मतदार लाख असोत वा कोटी, आकडा जवळपास तोच राहतो. यंत्र केंद्राची नुसती बेरीज ठेवत असेल तर पुष्कळ जास्त मोजावं लागतं, पण तत्त्व तेच. अमेरिकेतल्या कॉलोराडोने २०१७ मध्ये राज्यभर ही पद्धत लागू केली. नमुना निवडण्याचा यादृच्छिक आकडा ठरवायला तिथे लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात, एकामागून एक वीस अंक. मला त्यात उत्तरमेरूरच्या उघड्या तळहाताचीच दृष्टी दिसते.

कागदाचा आग्रह म्हणजे तुमच्यावर अविश्वास, असं कृपया समजू नका. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अमेरिकेतल्या जॉर्जियात पराभूत बाजूने यंत्रांवर वाट्टेल ते आरोप केले. राज्याने सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, विजेता बदलला नाही. कागद नसता तर तिथले अधिकारी आणि तुमचे व्यवसायबंधू कशाच्या बळावर उत्तर देणार होते? खोट्या आरोपापुढे ‘करून दाखवा’ हे उत्तर लंगडं पडतं.

आणि यंत्राच्या पुढचंही बघा. आफ्रिकेतल्या मलावीत २०१९ च्या निवडणुकीत निकालपत्रकांवर पांढरी खोडशाई लावून आकडे बदललेले आढळले. घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द केली आणि फेरनिवडणुकीत सत्ता बदलली. व्हेनेझुएलात २०२४ मध्ये निवडणूक मंडळाने विजेता जाहीर केला, पण केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध केले नाहीत. प्रत्येक यंत्र मतदानानंतर निकालाची पट्टी छापत होतं आणि ती पक्षांच्या प्रतिनिधींना मिळत होती, म्हणून विरोधकांना ८० टक्क्यांहून जास्त पट्ट्या जमवून लोकांपुढे ठेवता आल्या. तेव्हा सत्ता बदलली नाही. पण जगाला जाहीर निकालावर बोट ठेवता आलं ते त्या छापील पट्ट्यांमुळे, आणि पट्टी छापायची सोय कुणा अभियंत्याने केली होती.

म्हणून माझं मागणं असं आहे. मतदाराने डोळ्यांनी वाचलेला आणि हाताने मोजता येईल असा कागद प्रत्येक मतामागे राहू द्या, आणि यंत्राचा आकडा व कागदाचा आकडा जुळला नाही तर कागद खरा धरा. केंद्राचा निकाल तिथेच छापून, सही करून, उपस्थित प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात पडू द्या आणि त्याच रात्री सगळ्यांना पाहता येईल असा प्रसिद्ध करा. किती कागद तपासायचे हे फरकावरून ठरवा, आणि एक जरी विसंगती निघाली तर मोजणी कुठवर वाढवायची हे मतदानाआधी लिहून ठेवा, कारण निकाल लागल्यावर केलेला नियम कुणा एका बाजूचाच वाटतो. यंत्रात दोष शोधणाऱ्याला तपासायला यंत्र द्या, त्याच्यावर खटले घालू नका. इंटरनेटवरून मतदानाचा प्रस्ताव कुणी आणलाच, तर एस्टोनिया २००५ पासून ते करतो एवढ्यावर त्याला मान्यता देऊ नका. घरात शेजारी कोण उभं आहे, हा रोमच्या पुलावरचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो. तिथे मतदाराला आपलं मत नंतर बदलता येतं हा उपाय मला अपुरा वाटतो.

यातलं काही खर्चिक आहे, काही निकाल लांबवणारं आहे. निकाल एक दिवस उशिरा लागला तर आम्ही थांबू.

पुढचं यंत्र मंजुरीसाठी पाठवाल तेव्हा त्याच्या कागदपत्रांना एक पान जोडा. या यंत्राने चुकीचा निकाल दिला तर तो कोण पकडू शकेल, कशाच्या आधारे, आणि किती दिवसांत, एवढंच त्यावर लिहा. साध्या भाषेत लिहा आणि ते पान आम्हाला वाचायला द्या.

आपला,
एक मतदार